खाटेची फट आणि चिमूटभर भुकटी

मराठी वाङ्मयात ढेकणाला फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही, आणि ते मिळावे असा आमचाही आग्रह नाही. परंतु ज्याने पिढ्यान्‌पिढ्या घरोघरची झोप मोडली त्याच्याविषयी आपल्या लिखित परंपरेत विनोदाखेरीज फारसे काही सापडू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. साप, विंचू, उंदीर यांच्याबद्दल आपण चारचौघांत बोलतो. घरात ढेकूण झाले आहेत हे मात्र शेजाऱ्याला कळू नये अशी आपली धडपड असते. ह्या लपवाछपवीची किंमत काय असू शकते, हे काही वर्षांपूर्वी आम्हांला नगर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात पाहावे लागले.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्या वर्षी वसतिगृहाच्या देखरेखीचे काम आमच्याकडे होते. परीक्षा तोंडावर आलेली. एका खोलीतली मुले ढेकणांना इतकी कंटाळली, की कोणालाही न सांगता त्यांनी बाजारातून धान्याच्या कोठीत ठेवतात त्या गोळ्या आणल्या. रात्री त्या खाटांखाली ठेवायच्या आणि दारे-खिडक्या लावून झोपायचे, असा साधा बेत होता. त्यांच्यातला एक जण जेवताना सहज बोलून गेला म्हणून आम्हांला कळले. गोळ्या अजून डबीतच होत्या.

ह्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि त्याच्यावर कोणताही उतारा नाही. ह्या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच व्हावा असा भारतात नियम आहे. तरी त्या किराणा मालाइतक्या सहज हाती येतात, आणि घरात ढेकणांसाठी विषारी औषध ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. मुले शिकलेली होती, त्यांच्यांत एक विज्ञानशाखेचाही होता. तरीही त्यांनी आम्हांला विचारले नव्हते. कारण विचारायचे म्हणजे आधी ढेकूण आहेत हे कबूल करायचे.

त्या दिवसापासून आम्ही ह्या उपेक्षित विषयाचे वाचन सुरू केले. प्रारंभ अर्थातच आमच्या हाताशी असलेल्या वाङ्मयापासून झाला. पुढे वाट स्वयंपाकघरातल्या राखेच्या मडक्याकडे आणि तिथून कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे गेली. तीन ठिकाणची ही माहिती एकमेकींशी जुळते असे दिसल्यावर ती लिहून काढावी असे वाटले.

१

संस्कृतात ढेकणाला मत्कुण म्हणतात. मराठी ‘ढेकूण’ हा त्या शब्दापासून आलेला नाही. तो देशी आहे. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या ‘देशीनाममाले’त त्याचा पूर्वज मत्कुण ह्याच अर्थाने नोंदलेला आहे. म्हणजे पंडितांच्या भाषेतून खाली न उतरता हा शब्द लोकांच्या तोंडी स्वतंत्रपणे टिकला. ज्याचा अनुभव रोजचा असतो त्याला नाव उसने घ्यावे लागत नाही.

संस्कृतातल्या एका सुप्रसिद्ध सुभाषितात लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात का झोपतात याचे कारण ढेकणांची धास्ती असे दिले आहे. संस्कृतच्या तासाला विद्यार्थी ते ऐकून हसतात. विनोदाचा भाग सोडला तर त्यात एक निरीक्षण आहे. हे तिन्ही देव खाटेवर झोपत नाहीत. ढेकणाचा संबंध खाटेशी आहे, हे कवीला पक्के ठाऊक होते.

याहून नेमके निरीक्षण ‘पंचतंत्रा’तल्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेच्या गोष्टीत सापडते. राजाच्या अंथरुणात सुखाने राहणाऱ्या ह्या उवेकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजाला गाढ झोप लागण्याआधीच तो उतावळेपणाने चावतो. राजा दचकून उठतो आणि सेवक अंथरूण तपासू लागतात. कापडाच्या शिवणीत बसलेली ऊ सापडते व मारली जाते. ढेकूण मात्र तेवढ्या वेळात खाटेच्या सांध्यात शिरलेला असतो. अनोळखी माणसाला आश्रय देऊ नये हे ह्या कथेचे तात्पर्य शाळेत शिकवले जाते. आमचे लक्ष ह्या वेळी दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. ऊ कपड्यांत राहते, ढेकूण लाकडाच्या फटीत राहतो, आणि शोधणारे कापडच तपासत बसतात. आजही ढेकूण झाल्याचे कळताच आपण गादीवर फवारा मारतो, चादरी झटकतो आणि खाटेच्या खाचा तशाच राहतात. राजाच्या सेवकांची चूक आपण अजून सोडलेली नाही.

तुकोबांच्या एका अभंगात ढेकणाच्या लेखी बाजेलाच गडाचे मोठेपण आले आहे. तिथे हा दृष्टान्त माणसाच्या अंतरीचा आवाका दाखवण्यासाठी येतो. पण दृष्टान्त पटतो तो ऐकणाऱ्याने बाज पाहिलेली असते म्हणून. सुंभाने विणलेली बाज, तिचे गाते, ठाव्यांची भोके, सुंभाचे पीळ, ही सगळी त्या किल्ल्याची तळघरे होत. समर्थांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात आधिभौतिक तापाचे वर्णन करताना चावणाऱ्या, डसणाऱ्या लहान जीवांची मोठी यादी दिली आहे. वाचकाने आपापल्या घरातले अनुभव तिच्याशी ताडून पाहावेत.

मारण्याचा प्रश्नही जुना आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायातल्या अहिंसेच्या विवेचनात जिवाला धक्का लागू नये म्हणून पाऊल कसे टाकावे इथपर्यंत सूक्ष्म विचार आहे. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने तर तिथे ढेकूण-पिसवांसाठीही आश्रयस्थान असल्याचे आणि त्यांच्या पोषणासाठी पैसे देऊन एखाद्या गरीब माणसाला तिथे रात्रभर झोपवीत असल्याचे लिहून ठेवले आहे. भूतदयेचा भार अखेर त्या गरीब माणसाच्या अंगावर पडत होता, हे विसरता येत नाही. आपल्याकडच्या घरांतून मात्र खाट अंगणात काढून उन्हात उभी करणे, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे, आणि खाटेचे पाय पाण्याच्या नाहीतर रॉकेलच्या वाट्यांत ठेवणे, हेच उपाय चालत. ते अगदीच चुकीचे नव्हते. उकळते पाणी जिथे पोहोचते तिथे ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. अडचण एवढीच, की ते फटीच्या तळापर्यंत पोहोचतेच असे नाही.

२

ढेकणांसाठी नव्हे, पण घरातल्या दुसऱ्या एका किडीसाठी आपल्या बायकांनी फार जुन्या काळापासून कोरड्या भुकटीचा उपयोग केलेला आहे. ती भुकटी म्हणजे चुलीतली राख. मूग, मटकी, वाल, हुलगे हे बियाण्यासाठी ठेवायचे असले की राख चाळून घ्यायची, पुरती निववायची, दाण्यांत मिसळायची आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपायचे. नगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे ही पद्धत अलीकडे महाराष्ट्राला पुन्हा माहीत झाली. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी गावरान वाणांची बियाणे-बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्री सन्मानांत त्यांचे नाव आले आणि ‘बीजमाता’ हे नाव सर्वत्र रूढ झाले. वृत्तपत्रांनी त्यांच्या वाणांबद्दल पुष्कळ लिहिले. बियाण्याभोवतीच्या राखेबद्दल त्या मानाने कमी लिहिले गेले.

राख दाण्यांमधली जागा भरून टाकते. भुंग्याला हालचाल करता येत नाही, जोडीदार शोधता येत नाही, आणि दाण्याला अंडे चिकटवायला मोकळी जागा उरत नाही. याशिवाय राखेचे बारीक, खरखरीत कण किड्याच्या अंगावरचे कवच खरवडतात आणि त्याच्या शरीरातले पाणी हळूहळू निघून जाते. हे शेवटचे कारण कोणत्याही आजीने सांगितलेले नसेल, परंतु राखेत भुंगा ‘सुकून’ मरतो एवढे तिला ठाऊक होते. ही विद्या कोणत्याही ग्रंथात गेली नाही. ती सासूकडून सुनेकडे, हातातून हातात गेली.

हे कारण शास्त्राच्या भाषेत मांडले गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनमध्ये. १९४४ च्या सुमारास तिथल्या अलेक्झांडर, किचनर आणि ब्रिस्को ह्या संशोधकांनी विष नसलेल्या भुकट्या कीटकांना कशा मारतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वेळी व्ही. बी. विगल्सवर्थ हे कीटकशास्त्रज्ञ कीटकांच्या कातडीवरच्या मेणाच्या थराचा शोध घेत होते. कीटक आकाराने लहान असल्यामुळे त्याच्या देहातल्या पाण्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असतो. ते पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने त्याच्या अंगावर मेणाचे अतिशय पातळ आवरण चढवलेले आहे. बारीक भुकटीवरून चालताना हे आवरण खरवडले गेले की कीटक आतून कोरडा पडू लागतो, हे विगल्सवर्थ यांनी दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगांतला मुख्य कीटक दक्षिण अमेरिकेतला एक रक्तपिपासू ढेकूणवर्गीय किडा होता. आपल्या ढेकणाचा तो दूरचा भाऊबंदच.

भारतातही ह्या दिशेने काम झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या मजुमदार, नरसिंहन आणि सुब्रह्मण्यन यांनी प्रक्रिया केलेल्या माती व कोळशाच्या कीटकनाशक गुणांविषयीचे आपले निष्कर्ष १९५९ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे प्रश्न धान्याचा होता. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले मडके आणि म्हैसूरची प्रयोगशाळा एकाच प्रश्नावर काम करीत होती, मात्र एकीला दुसरीची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

३

हे सारे माहीत असतानाही विसाव्या शतकाचा उत्तरार्ध विषाचा ठरला. त्याला कारणही तसेच होते. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना डीडीटीचे कीटकनाशक गुण आढळले आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे जुन्या मुंबई प्रांतातल्या कारवार व धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या पुढाकाराने १९४६ च्या सुमारास घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवतापाला आळा घालण्यात आला. त्या अनुभवाचा आधार पुढे १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला मिळाला. पाठीवर पंप घेतलेली माणसे गावोगाव आली. भिंतीवर पांढुरके डाग पडले. डास कमी झाले आणि आरंभी ढेकूणही नाहीसे झाले. गावकऱ्यांना डासांपेक्षा ढेकूण गेल्याचाच आनंद अधिक झाला असेल, कारण हिवतापाचा डासाशी असलेला संबंध डोळ्यांना दिसत नाही, ढेकणाचा चावा मात्र अंगावर उमटतो.

हा आनंद टिकला नाही. १९४७ मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर येथे डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. पुढच्या दशकात जगाच्या इतर भागांतूनही तशाच नोंदी येऊ लागल्या. विष टिकून असलेल्या भिंतीवरून ढेकूण बिनधास्त फिरू लागले. डीडीटीमुळे चाळवल्यासारखे होऊन ते अधिकच बाहेर पडतात, असेही निरीक्षण आहे. फवारणीनंतर ढेकूण वाढले अशी तक्रार करून लोक फवारणीवाल्यांना दार उघडीनासे झाले, आणि ह्या तक्रारीची हिवताप-नियंत्रणाच्या इतिहासाला दखल घ्यावी लागली. एका किड्याविरुद्धची मोहीम दुसऱ्या किड्यामुळे अडली.

त्यानंतर एकामागून एक औषधे आली. गॅमेक्सिन घरोघर गेले. त्यातल्या बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. टिक-ट्वेंटी हे ढेकणांच्या औषधाचे नाव एका संपूर्ण पिढीला माहीत होते, आणि ते ढेकणांपेक्षा आत्महत्यांच्या बातम्यांत अधिक वाचले गेले. इथे भाषेच्या अभ्यासकांनी थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. मराठीत आपण कीटकनाशकाला विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. कपाशीवर औषध मारतात, ढेकणांना औषध घालतात, आणि नगर, बीड, यवतमाळकडे एखाद्या शेतकऱ्याने ‘औषध घेतले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला सर्व काही समजते. शब्दाचा हा सौम्यपणा घरात विष आणणे सोपे करतो. वसतिगृहातल्या मुलांनीही आपण विष आणले असे म्हटले नव्हते. ‘सर, औषध आणलंय,’ असेच त्यांचे शब्द होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे जगभर वापरात होती, आणि नेमक्या त्याच काळापासून युरोप-अमेरिकेतल्या शहरांत ढेकणांचे पुनरागमन झाले. औषधांना दाद न देणारे वंश, वाढलेला प्रवास आणि जुने सामान विकत घेण्याची रीत ही त्याची कारणे मानली जातात. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये ढेकणांवरून जी घबराट उडाली ती वाचून आपल्याकडच्या पुष्कळांना गंमत वाटली. आम्हांला त्यात एक दिलासाही दिसला. ढेकूण गरिबांच्या आणि अस्वच्छ माणसांच्या घरात होतात हा समज त्यामुळे थोडा सैल व्हायला हवा. ढेकणाला घाण लागत नाही. त्याला झोपलेला माणूस आणि जवळपास एखादी फट, एवढेच पुरते. तो वळकटीतून, ट्रंकेतून, बाकाच्या फळीतून येतो. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एस. टी. धावली तेव्हापासून आपला जिल्हा सतत प्रवासात आहे. ऊसतोडीला, शिक्षणाला, नोकरीला जाणारी माणसे आपल्याबरोबर काय नेतात आणि काय आणतात यावर त्यांच्या चारित्र्याची परीक्षा करणे अन्यायाचे आहे.

रोगाच्या बाबतीतही ढेकूण बदनाम झाला तो प्रमाणाबाहेर. १९०७ च्या सुमारास मद्रासकडे पॅटन नावाचे लष्करी डॉक्टर काळा आजार ढेकणामुळे पसरतो असे मानीत होते. १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी तो वालुमाशीमुळे पसरतो हे सिद्ध केले. ढेकणामुळे माणसांत एखादा रोग नेहमीच्या जीवनात पसरतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. त्याचा त्रास खाजेचा, झोपमोडीचा आणि लाजेचा आहे. त्यासाठी जीव धोक्यात घालणारे विष घरात आणणे हा हिशेबच चुकीचा ठरतो.

४

विषे निकामी होत गेल्यावर लोकांचे लक्ष पुन्हा कोरड्या भुकटीकडे वळले. कॅलिफोर्नियात वॉल्टर एबेलिंग यांनी १९६० च्या आसपास ह्या भुकट्यांचा सखोल अभ्यास केला होता. केवळ खरवडण्यापेक्षा मेण शोषून घेणारी भुकटी अधिक परिणामकारक असते, हे त्यांनी दाखवले. आज प्रामुख्याने दोन भुकट्या वापरल्या जातात. एक डायटम माती. डायटम हे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ. त्याच्या कवचांचे लाखो वर्षांत जे थर साचतात त्यांची ही माती. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइट बनवताना नायट्रोग्लिसरीन जिच्यात जिरवले ती हीच. दुसरी भुकटी अस्फटिकी सिलिका जेलची. ती अधिक बारीक असते आणि मेण अधिक वेगाने शोषते. केंटकी विद्यापीठातल्या पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत प्रत्यक्ष घरांमध्ये डायटम माती फिकी पडली आणि सिलिका जेलची भुकटी बरीच सरस ठरली.

ढेकणाला ह्या भुकटीपासून सुटका अवघड का जाते, हे समजून घ्यावे. विष त्याच्या मज्जातंतूंवर काम करते आणि मज्जातंतूंत थोडा बदल झाला की विष निरुपयोगी होते. भुकटी त्याच्या अंगावरचे मेण काढून घेते. ढेकूण पाणी पीत नाही. त्याला ओलावा मिळतो तो रक्तातूनच. मेण गेले की तो काही दिवसांत सुकतो. एकाच्या अंगाला लागलेली भुकटी फटीत एकत्र बसलेल्या दुसऱ्यांनाही लागते, असे २०१३ मध्ये व्हँकूव्हरच्या संशोधकांना डायटम मातीबाबत आढळले. तथापि हा उपाय अमोघ आहे असे म्हणता येणार नाही. पोट भरलेला ढेकूण अधिक दिवस तग धरतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २०१६ मध्ये ह्या भुकट्याही काहीशा सहन करणारा एक वंश आढळला. अंड्यांवर तिचा भरवसा नसतो. परंतु भुकटी कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने टिकते, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तिच्यावरूनच चालत यावे लागते.

ओल हा तिचा शत्रू. आमच्या जिल्ह्यात दोन्ही टोके आहेत. पाथर्डी, कर्जत, जामखेडकडच्या कोरड्या घरांत ती उत्तम टिकेल. घाटघरच्या धुवाधार पावसात ओल धरलेल्या भिंतीजवळ तिच्या गुठळ्या होतील आणि मग ती निव्वळ माती.

५

आता वापराविषयी. ह्या बाबतीत आम्ही तज्ज्ञ नाही, परंतु तज्ज्ञांचे एकमत असलेल्या गोष्टी सोप्या आहेत.

पहिली गोष्ट ओळखीची. आपल्याकडे पांढरी पूड दिसली की ती ‘ढेकणांची पावडर’ समजण्याची सवय आहे. बोरिक पावडर झुरळांना मारते, कारण झुरळ अंगाला लागलेली पूड चाटते. ढेकूण सोंडेने रक्त ओढतो, त्याच्या पोटात ती जातच नाही. लक्ष्मणरेखेच्या खडूत पायरेथ्रॉइड वर्गाचे विष असते, म्हणजे तो ह्या भुकट्यांपैकी नव्हे. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फोडून, दाणे कुटून वापरू नयेत. चुलीतली राखही इथे कामाची नाही. ती जाड असते, शिवाय क्षारयुक्त असल्याने त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते हे खरे, पण अतिशय तापून पांढरी झालेल्या राखेत ती स्फटिकी स्वरूपात असू शकते. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी भाजून तयार केलेल्या डायटम मातीतही तोच धोका आहे. स्फटिकी सिलिका फुप्फुसात गेली तर खडी फोडणाऱ्या मजुरांना होतो तो सिलिकोसिस होऊ शकतो. तेव्हा घरगुती कीटकांसाठी कायदेशीर नोंदणी झालेली, वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेली भुकटीच घ्यावी आणि वेष्टनावरच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात.

दुसरी गोष्ट जागेची. इथे पंचतंत्र उपयोगी पडते. भुकटी गादीवर, चादरीवर, उशीवर किंवा अंगावर कधीही टाकायची नाही. तिची जागा फटीत आहे. खाटेचे सांधे, खिळ्यांची भोके, उशाकडच्या फळीची मागची बाजू, भिंत आणि फरशी यांच्यामधली चीर, चौकटीमागची पोकळी, ही ढेकणाची खरी घरे. विजेच्या बटणांच्या पेटीत मात्र हात घालू नये. ते काम वीज बंद करून जाणकारानेच करावे. जिथे मुलांचा हात पोहोचतो, जिथे अन्न ठेवतात, जिथे पंख्याचा वारा थेट लागतो तिथे ती नको.

तिसरी गोष्ट प्रमाणाची, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्याला वाटते, चिमूटभर चांगली तर मूठभर अधिक चांगली. वस्तुतः ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातो आणि ती भुकटी उडून माणसांच्या छातीत जाते. मऊ ब्रशाने किंवा दाबायच्या लहान बाटलीने, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्यावा. पसरताना नाकातोंडावर चांगला मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेत. पंखा बंद ठेवावा. लहान मुले, दमेकरी माणसे आणि पाळीव जनावरे यांना धूळ पूर्ण बसेपर्यंत खोलीबाहेर ठेवावे. सांडलेली भुकटी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. अस्फटिकी भुकटी विषारी नाही म्हणून ती श्वासात गेलेली चालते, असा अर्थ करू नये. कोणतीही बारीक धूळ फुप्फुसाला त्रासच देते.

चौथी गोष्ट धीराची. भुकटीने ढेकूण त्याच रात्री मरत नाहीत. काही दिवस, कधी काही आठवडे जातात. दरम्यान अधीर होऊन तिच्यावर फवारा मारला की ती ओली होऊन वाया जाते. ह्या काळात इतर कामे चालू ठेवायची असतात. चादरी-अभ्रे कडक गरम पाण्यात धुवावेत, खाट भिंतीपासून दूर ओढावी, तिचे पाय वाट्यांत ठेवावेत, सांध्यांवर उकळते पाणी घालायचे असल्यास ते आधी घालून लाकूड पुरते वाळल्यावरच भुकटी घालावी, आणि दर आठवड्याला विजेरी घेऊन फटी तपासाव्यात. प्रादुर्भाव अनेक खोल्यांत पसरला असेल तर परवानाधारक व्यावसायिकाला बोलवावे, आणि तो नेमके काय वापरणार आहे हे लेखी मागावे. एकच खोली साफ करून शेजारची तशीच ठेवण्यात अर्थ नाही. म्हणजे शेजाऱ्याला सांगावे लागते, आणि आपण पुन्हा लाजेपाशी येऊन पोहोचतो.

६

आमच्या मते ह्या इतिहासाचा खरा विषय हाच आहे. उपाय आपल्याकडे दर काळात काही ना काही होते. उकळते पाणी होते, ऊन होते, राखेची विद्या होती. पण ढेकणाविषयी मोकळेपणाने बोलायचे नाही ह्या संकेतामुळे हे शहाणपण घराघरांत अडकून पडले. बायकांचे ज्ञान म्हणून त्याची नोंद झाली नाही. वाङ्मयाने तो विषय विनोदासाठी ठेवला. हिंदी चित्रपटानेही १९७३ च्या ‘छुपा रुस्तम’मध्ये किशोरकुमारच्या तोंडून खटमलाची विनवणी करून घेतली आणि आपण सारे हसलो. हसण्याला हरकत नाही. पण जिथे फक्त हसता येते आणि विचारता येत नाही, तिथे माणूस दुकानात जाऊन हळू आवाजात ‘औषध’ मागतो.

वसतिगृहात पुढे जे झाले ते फार मोठे नाही. गोळ्यांची डबी न उघडता दुकानदाराला परत केली. व्यवस्थापनाने एका सुट्टीत सगळ्या खोल्यांचे काम एकाच वेळी, प्रशिक्षित माणसांकडून करून घेतले. खाटांच्या सांध्यांत सिलिकाची भुकटी घातली गेली. सूचनाफलकावर आम्ही साध्या मराठीत एक कागद लावला. ढेकूण दिसल्यास त्याच दिवशी सांगावे, नाव विचारले जाणार नाही, कोणीही स्वतः औषध आणू नये, इतकाच त्यातला मजकूर होता. पहिले दोन आठवडे कोणी फिरकले नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रथम वर्षाचा एक मुलगा दारात उभा राहिला. जामखेडकडचा होता. बराच वेळ चुळबुळ करून तो म्हणाला, ‘सर, आमच्या खोलीत पुन्हा झालेत.’ आम्ही त्याला बसायला सांगितले आणि खोलीचा क्रमांक लिहून घेतला.